गोष्ट बीडची, तिकीट दुसऱ्याचं

कानच्या फिल्म मार्केटमध्ये नेण्यासाठी राज्य सरकारने 2025 साली चार चित्रपट निवडले: 'स्थळ', 'स्नो फ्लॉवर', 'खालिद का शिवाजी' आणि 'जुनं फर्निचर'. ती यादी वाचून आलेला राग अजून निवळलेला नाही, म्हणून हा लेख. राग चित्रपटांवर नाही. 'स्थळ' तर अलीकडच्या मराठी चित्रपटांत मला सर्वांत जवळचा. पण 'जुनं फर्निचर' एप्रिल 2024 मध्येच आपल्याकडे लागून गेला होता. 'स्थळ'ला टोरांटोत 2023 साली नेटपॅक पुरस्कार मिळाला, आणि मार्च 2025 मध्ये तो महाराष्ट्रातही प्रदर्शित झाला. त्याला सरकारी खर्चाने परदेशी न्यायचं होतं तर ती वेळ टोरांटोची होती. दोन वर्षांनी मे महिन्यात फ्रान्सच्या बाजारात उभं करून नेमकं काय साधलं?

आणि तो बाजारच आहे, हे एकदा स्पष्ट सांगायला हवं. कानचा महोत्सव वेगळा, त्याला लागून भरणारं मार्केट वेगळं. महोत्सवात निवड होते. मार्केटमध्ये पैसे भरून पडदा आरक्षित करता येतो, समोर खरेदीदार आले तर आले. तरीही दरवर्षी आपल्याकडे 'कानमध्ये मराठीचा झेंडा' असे मथळे येतात. ही योजना गेली काही वर्षं चालू आहे आणि तिच्यातून चांगले चित्रपटही गेले. 2022 मध्ये शंकर धोत्रे यांचा 'पोटरा' गेला, त्याचा मला आनंद झाला होता. पण सगळी योजनाच चुकीच्या टोकाकडून सुरू होते. मुंबईतली समिती चित्रपट ठरवते आणि मग जगाला दाखवायला नेते. जगाने ज्याला स्वतःहून बोलावलंय, त्याच्यासाठी ही योजना आखलेलीच नाही.

जगाने बोलावलेले चित्रपट कोणते, ते वाचकांना माहीत आहेत. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' 2009 मध्ये रॉटरडॅमला गेला. 'कोर्ट'ने 2014 साली व्हेनिसमध्ये दोन पुरस्कार घेतले, त्याच वर्षी 'किल्ला'ने बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर आणलं. 2020 मध्ये 'द डिसायपल'ला व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत पटकथेचा पुरस्कार मिळाला. जानेवारी 2025 मध्ये रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'ने सनडान्सच्या जागतिक विभागात ग्रँड ज्युरी पारितोषिक पटकावलं. या सगळ्यांत मला ज्या धारेची ओढ आहे ती गावाच्या आतून निघालेली. 'फँड्री'पासून ती ठळक झाली. शेत विकून 'ख्वाडा' काढणारे भाऊराव कऱ्हाडे तिच्यातले, 'कस्तुरी' करणारे विनोद कांबळे तिच्यातले, जयंत सोमलकर तिच्यातले. 'स्थळ'मध्ये पाहुण्यांपुढे बसवलेली सविता बघा. नाव काय, शिक्षण किती, उंची किती. बघायला येणारी माणसं बदलतात, प्रश्न तेच राहतात. कॅमेरा कुठेही गहिवरत नाही, आणि म्हणूनच ती बैठक तिसऱ्या-चौथ्या वेळी असह्य होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावची माणसं त्यात आहेत. त्यांना अभिनय शिकवलेला नाही, पण कांदेपोहे त्यांनी जन्मभर पाहिलेत. 'साबर बोंडं'मध्ये वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी अडकलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांच्यातलं प्रेम पार्श्वसंगीताशिवाय उलगडतं. शेळ्या, वारा आणि नातेवाइकांचे टोमणे हेच त्याचं संगीत. जगभरच्या परीक्षकांना हे कळतं, कारण ते दुसऱ्या कुणाला करता आलं नसतं.

 

आता बीडकडे येतो, कारण हा सगळा प्रश्न तिथे सर्वांत उघडा पडतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास शिरूर कासार, पाटोदा, धारूर, वडवणी, केज इथल्या वाड्या-तांड्यांवरून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून आधी उचल घेतलेली असते, ती पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाच-सहा महिने ऊस तोडून फेडायची. खाडा झाला की पैसे कापले जातात. पाळी आली, दुखणं आलं तरी मोळी डोक्यावर घ्यावीच लागते. यातूनच गर्भपिशवी काढण्याचा प्रकार सुरू झाला. 2019 मध्ये त्याचा गवगवा झाल्यावर सरकारने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या आकड्यांनुसार जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली होती.

ही गोष्ट जगात गेली. अनंत महादेवन यांनी तिच्यावर 'बिटरस्वीट' हा मराठी चित्रपट केला आणि 2020 मध्ये तो दक्षिण कोरियातल्या बुसान महोत्सवात निवडला गेला. 2024 च्या मार्चमध्ये 'न्यूयॉर्क टाइम्स'ने साखरेमागच्या क्रौर्यावर मोठा वृत्तांत छापला, तोही बीडवरच. महादेवन यांचं मी मनापासून कौतुक करतो. 'मी सिंधुताई सपकाळ'पासून ते आपल्या मातीतले विषय आदराने हाताळतात, आणि बीडच्या बायकांवर कथापट काढण्याचं धाडस त्यांनी केलं. पण बाहेरून आलेला माणूस अन्याय पाहतो, आणि अन्यायावरच चित्रपट उभा करतो. ऊसतोड मजुरांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वाढलेली मुलगी आणखी काही पाहील. रात्री दोनला आई उठते तेव्हा चूल आधी पेटते की बैल आधी सोडतात, फडातल्या पाचटाने हात कसे कापले जातात, उसाचं वाढं विकून आलेले चार पैसे कोण कुठे लपवतं, हे तिला विचारावं लागत नाही. तिला मुकादमाचा स्वभावही माहीत असतो, कारण तो बहुतेकदा गावातलाच, भावकीतलाच असतो. मला बीडहून येणारा तो चित्रपट पाहायचाय.

तो येईल याबद्दल मला शंका नाही. आज मोबाइलवर लघुपट काढणारी पोरं अंबाजोगाईत आहेत, परळीत आहेत, माजलगावात आहेत. माजलगावच्या संदीप पाठकांनी लक्ष्मण देशपांडे यांचं 'वऱ्हाड निघालंय लंडनला' पुन्हा उभं केलं. त्या नाटकात मराठवाड्याचा माणूस विमानात बसला की प्रेक्षक पोट धरून हसतात. पण त्या विमानात दिग्दर्शक म्हणून बसायची पाळी आली की काय होतं, ते पाहा.

निवडीचं पत्र येतं. लहान महोत्सव असेल तर दिग्दर्शकाच्या तीन-चार रात्रींच्या राहण्याची सोय करतो, विमानाचं तिकीट देईलच असं नाही. युरोपात जायचं तर शेंगेन व्हिसा लागतो. त्याची फी 90 युरो, सोबत किमान 30,000 युरोंचं विमा संरक्षण, आणि खात्यावरच्या शिलकीचा दाखला. भेटीची वेळ घेऊन मुंबईला खेटे घालायचे ते वेगळंच. ज्याच्या बापाचं खातं दरवर्षी दिवाळीला उचलीने भरतं आणि महिन्याभरात रिकामं होतं, त्याने शिलकीचा कागद कुठून आणायचा? शिवाय डीसीपी, म्हणजे पडद्यावर दाखवायची डिजिटल प्रत, करायची, नीट उपशीर्षकं करून घ्यायची. सरकारचं 'अ' आणि 'ब' दर्जाचं अनुदान आहे, पण ते चित्रपट पुरा होऊन परीक्षण पार पडल्यावर मिळतं. मुकादमसुद्धा पैसा हंगामाआधी देतो, कारण हातात पैसा नसेल तर टोळी गाव सोडूच शकत नाही हे त्याला ठाऊक असतं. राज्याला एवढंही कळू नये?

इतर देशांनी हे कधीच सोडवलंय. न्यूझीलंडच्या चित्रपट आयोगाने महोत्सवांची यादी ठरवलेली आहे. त्यातल्या महोत्सवात निवड झाली की दिग्दर्शक अर्ज करतो आणि प्रवासाला पैसे मिळतात. न्यूझीलंडची लोकसंख्या आपल्या पुणे जिल्ह्यापेक्षाही कमी. आपल्याकडे 2004 मध्ये 'श्वास' ऑस्करसाठी भारतातर्फे गेला तेव्हा लोकांनी वर्गणी काढून संदीप सावंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांना बळ दिलं. लोक तयार होते. त्यानंतर तरी ठरलेल्या नियमांचा, ज्याला त्याला मिळणारा निधी उभा राहायला हवा होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो सहज झटकता येणारा नाही. ज्या जिल्ह्यात ऊसतोड मुलांच्या शाळेचा प्रश्न सुटत नाही, तिथल्या माणसाला बुसानचं तिकीट कशाला? माझं उत्तर असं की तिकिटाचा पैसा शाळेतून काढा असं कुणीच म्हणत नाही. तो आजही खर्च होतोच आहे, मार्केटमधल्या पडद्यांवर आणि शिष्टमंडळांवर. तोच वळवायचा आहे. आणि बीडचं चित्र आज जगापुढे कोण रंगवतं? डिसेंबर 2024 मधल्या मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनानंतर महिनोन् महिने जिल्ह्याचं नाव फक्त गुंडगिरीशी जोडलं गेलं. सप्टेंबर 2025 मध्ये बीडला अखेर रेल्वे आली, ती बातमी दोन दिवस टिकली. आपल्याबद्दल सगळं दुसऱ्यांनीच सांगायचं आणि आपण फक्त मुलाखती द्यायच्या, हे बीडच्या माणसाने किती दिवस सोसायचं?

सरकारच्या मर्जीवर का विसंबू नये, याचं उदाहरण म्हणजे 'खालिद का शिवाजी'. मे 2025 मध्ये राज्य सरकारने राज प्रीतम मोरे यांचा हा चित्रपट कानला नेला. ऑगस्टमध्ये तो प्रदर्शित व्हायच्या तोंडावर विरोध झाला, तेव्हा त्याच सरकारने केंद्राकडे फेरपरीक्षणाची मागणी केली आणि प्रदर्शन थांबलं. परदेशात मान मिरवायला चित्रपट चालतो, आणि गावात दाखवायची वेळ आली की त्याच्या पाठीशी उभं राहायला कुणी नसतं. अशा सरकारच्या मर्जीवर ऊसतोडीच्या पोरीने आपला चित्रपट सोपवायचा? तिच्या चित्रपटात साखर कारखाने असतील, मुकादम असतील, खासगी दवाखाने असतील. त्यातला एकही घटक मंत्रालयाला दुखवायचा नाही.

म्हणून शासन निर्णय साधा हवा. महोत्सवांची यादी आधी जाहीर करावी, रक्कम ठरवावी, आणि निवडीचं पत्र दाखवल्यावर पंधरा दिवसांत ती दिग्दर्शकाच्या खात्यावर जमा करावी, म्हणजे व्हिसाच्या खिडकीवर दाखवायला शिल्लकही असेल. चित्रपटातल्या एका तरी गावकरी कलाकाराचं तिकीट त्यात धरावं. समिती नको, मंत्र्यांचा दौरा नको. निवड परीक्षकांनी केलेली असते, चित्रपटात काय आहे हे तपासायचं काम सरकारचं नाही.