ब्राउनकृत इराणी राज्यक्रांतीचा इतिहास : परकीय साक्षीचें मोल

मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ग्रँट डफ हें नांव अपरिचित नाहीं. साताऱ्यास कंपनीचा कारभार पाहिलेल्या या गृहस्थानें १८२६ सालीं तीन भागांत मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, आणि त्या ग्रंथाशीं झगडतच आपल्याकडील संशोधन वाढीस लागलें. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनीं त्याजवर टीका लिहिली. राजवाड्यांनीं अस्सल पत्रें छापून परकीयाच्या कथनावांचून आपला इतिहास कसा उभा राहतो तें दाखविलें. या ग्रँट डफचा नातू ईव्हलिन ग्रँट डफ हा १९०६ च्या उन्हाळ्यांत तेहरान येथील इंग्रज वकिलातीचा कारभार सांभाळीत होता. त्याच वेळीं शहाच्या जुलमास कंटाळलेले हजारों इराणी लोक त्या वकिलातीच्या बागेंत आश्रयास येऊन राहिले. परकीयानें पाहिलेल्या लोकक्षोभाच्या वृत्तान्तावर किती विसंबावें, हा आपल्याकडील जुनाच प्रश्न तेथें पुन्हा उभा राहतो. त्या दृष्टीनें एडवर्ड ग्रॅन्व्हिल ब्राउन यांच्या इराणी राज्यक्रांतीवरील ग्रंथाचें परीक्षण येथें योजिलें आहे.

हा ग्रंथ १९१० सालीं केंब्रिज येथें छापला गेला. त्यांत १९०५ ते १९०९ पर्यंतची हकीकत आहे. ब्राउन हे फारसी वाङ्मयाचे इतिहासकार आणि हस्तलिखितांचे मोठे संग्राहक. तरी इराणांत ते एकदांच, १८८७-८८ मध्यें, गेले होते. राज्यक्रांति त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली नाहीं. केंब्रिजमध्यें बसून कागदांवरून लिहिली. म्हणून ते कागद कोणते, हा पहिला प्रश्न होय.

तत्पूर्वीं हकीकतीचा सारांश देतों. १८९० मध्यें नासिरुद्दीन शहानें देशांतील तंबाखूचा सर्व व्यापार वर्षाला पंधरा हजार पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा एवढ्या मोबदल्यांत टॅल्बट नामक इंग्रजास पन्नास वर्षांसाठीं देऊन टाकला. १८९१ च्या डिसेंबरांत थोर धर्माचार्य मिर्झा हसन शिराझी यांच्या नांवें तंबाखू वर्ज्य असल्याची आज्ञा निघाली, लोकांनीं हुक्के टाकून दिले, आणि शहास तो मक्ता रद्द करून पांच लक्ष पौंडांची भरपाई कर्ज काढून द्यावी लागली. ब्राउन ग्रंथाच्या प्रारंभींच्या भागांत हें प्रकरण देतात. तें योग्यच आहे, कारण प्रजेला स्वतःच्या बळाची जाणीव येथेंच झाली. पुढें १९०५ च्या डिसेंबरांत साखरेचा भाव चढविल्याच्या आरोपावरून तेहरानच्या सुभेदारानें व्यापाऱ्यांच्या तळपायांवर फटके मारविले, आणि क्षोभ पेटला. १९०६ च्या जुलईंत प्रथम सुमारें पन्नास असामी इंग्रज वकिलातींत बस्तास, म्हणजे अभयस्थानाच्या आश्रयास, आले. थोड्याच दिवसांत ही संख्या बारा ते चौदा हजारांपर्यंत गेली. धंद्याधंद्याचे तंबू पडले, मोठमोठ्या हंड्यांत अन्न शिजूं लागलें. ५ ऑगस्ट रोजीं मुझफ्फरुद्दीन शहानें लोकसभेचें फर्मान काढलें. ३० डिसेंबर रोजीं, मृत्यूच्या थोडेच दिवस आधीं, त्यानें मूलभूत कायद्यावर सही केली.

त्याचा पुत्र महंमद अली शहा यानें २३ जून १९०८ रोजीं रशियन कर्नल ल्याखोव्ह याच्या हाताखालील कझाक पलटणीकडून मजलिसीवर तोफा डागविल्या. दुसऱ्या दिवशीं 'सूर-इ-इस्राफील' पत्राचे संपादक मिर्झा जहांगीरखान यांस ठार करण्यांत आलें. तब्रीझ शहर मात्र झुंजत राहिलें. १९०९ च्या जुलईंत उत्तरेकडून गिलानची व दक्षिणेकडून बख्त्यारींची फौज तेहरानांत शिरली, शहा रशियन वकिलातींत पळाला व पदच्युत झाला. प्रजा आश्रयासाठीं एका परकीय वकिलातींत गेली होती. राजा दुसऱ्या वकिलातींत गेला.

ब्राउन यांचा मोठा गुण असा कीं, ही हकीकत त्यांनीं केवळ इंग्रज सरकारच्या निळ्या पुस्तकांवरून रचली नाहीं. त्या पुस्तकांत सरकारनें निवडून छापलेला पत्रव्यवहार असतो. ब्राउन यांनीं त्याच्या शेजारीं इराणी वर्तमानपत्रें, नाझिमुल इस्लाम किरमानी यांचा समकालीन इतिहास आणि इराणांतून आलेलीं खासगी पत्रें ठेविलीं. ३१ ऑगस्ट १९०७ च्या इंग्रज-रशियन तहाच्या प्रस्तावनेंत इराणच्या अखंडतेची व स्वातंत्र्याची ग्वाही आहे. खालच्या कलमांत उत्तर भाग रशियाच्या, आग्नेय भाग इंग्लंडच्या वर्चस्वाखालीं दिला आहे. ज्या देशाची अशी वांटणी झाली त्यास कोणी विचारलें नव्हतें. सरकारी लेखावरून ही 'व्यवस्था' दिसते, इराणी पत्रांवरून ती फसवणूक दिसते. दोन्ही कागद समोर ठेवणें हेंच इतिहासकाराचें काम, आणि तें ब्राउन यांनीं निर्भयपणें केलें.

तथापि दोष सांगितल्यावांचून परीक्षण पुरें होत नाहीं. ग्रंथ लिहितांना ब्राउन यांच्यासमोर इंग्रज मतदार होता. इराणच्या कैवारासाठीं १९०८ मध्यें लंडनांत जी समिति निघाली तींत ते अग्रभागीं होते. मुंबईचे माजी गव्हर्नर लॉर्ड लॅमिंग्टन तिचे अध्यक्ष होते. इंग्रजांची सहानुभूति मिळवावयाची तर लोक एकमुखी आहेत असें दाखविणें सोयीचें. म्हणून या ग्रंथांत एका बाजूस राष्ट्र आणि दुसऱ्या बाजूस शहा व रशिया, असा सरळ सामना दिसतो. शेख फज्लुल्लाह नूरी प्रथम चळवळीबरोबर होते, नंतर उलटले, आणि ३१ जुलई १९०९ रोजीं त्यांस फांशीं देण्यांत आलें. मनुष्यकृत कायदा धर्मशास्त्राच्या वर बसेल काय, हा त्यांचा आक्षेप होता. १९०७ च्या पुरवणी कायद्यांत पांच धर्मशास्त्र्यांच्या तपासणीचें कलम आलें तें याच वादांतून. आपल्या शास्त्रपद्धतींत पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण बळानिशीं मांडल्यावांचून सिद्धान्त उभा राहत नाहीं. ब्राउन यांच्या ग्रंथांत हा पूर्वपक्ष दुबळा राहिला आहे.

तब्रीझविषयींही असेंच म्हणावें लागतें. तेथील रहिवासी अहमद कसरवी हे त्या वेळीं तरुण होते. पुढें त्यांनीं इराणी भाषेंत या चळवळीचा मोठा इतिहास लिहिला. त्यावरून दिसतें कीं, शहर मोहल्ल्यामोहल्ल्यांत फुटलें होतें. कांहीं शहाच्या बाजूचे. बाकरखानाच्या खियाबान मोहल्ल्यावरही एका वेळीं पांढरीं निशाणें लागलीं. अमीरखीझ मोहल्ल्यांतील सत्तारखान या घोड्यांच्या व्यापाऱ्यास रशियन वकिलानें आपल्या निशाणाचा आश्रय देऊं केला. तो नाकारून त्यानें मूठभर सोबत्यांसह निघून पांढरीं निशाणें उतरविलीं. फुटलेलें शहर पुन्हा उभें राहिलें, यांत त्या लोकांचें धैर्य अधिक दिसतें. एकमुखी राष्ट्राच्या चित्रांत तें झांकून जातें.

यावरून परकीय साक्षीचें मोल ठरवितां येतें. ती साक्ष मुख्यत्वें साक्षीदाराविषयीं असते. १९०६ मध्यें ईव्हलिन ग्रँट डफनें चालत आलेल्या बस्ताच्या रूढीचा मान राखून आश्रितांस बळानें हांकलण्याचें नाकारलें. तेव्हां इंग्लंडचा इराणांत रशियाशीं सामना होता. १९०८ मध्यें त्याच वकिलातींत जेमतेम सत्तर माणसांस थारा मिळाला. मध्यंतरीं तह झाला होता. इराणी लोक तेच होते, त्यांचें गाऱ्हाणें तेंच होतें. १९०९ च्या एप्रिलांत तब्रीझच्या मिशन शाळेंतील अमेरिकन शिक्षक हॉवर्ड बास्करव्हिल चोवीस वर्षांच्या वयांत नगररक्षकांच्या बाजूनें लढतांना पडला. त्याच महिन्याच्या अखेरीस अन्न पोंचविण्याच्या निमित्तानें रशियन फौज शहरांत आली. उपासमार टळली हें खरें. परंतु फौज राहिली, आणि १९११ च्या अखेरीस तिनें सिकतुल इस्लाम या धर्मगुरूस मोहरमच्या दहाव्या दिवशीं फांशीं दिलें. परकीय मैत्रीचीं हीं दोन रूपें एकाच मापानें मोजूं नयेत.

आतां आम्हां संग्राहकांविषयीं दोन शब्द. ब्राउन यांनीं सोनेरी वेलबुट्टीच्या पोथ्या जमविल्या, पण तेवढ्यावर ते थांबले नाहींत. रात्रीं भिंतींवर चिकटविल्या जाणाऱ्या शबनाम्यांची आणि सरसाच्या ठशावर काढलेल्या पत्रांचीही किंमत त्यांनीं ओळखली. १९१४ सालीं तरबियत यांच्या यादीच्या आधारें त्यांनीं तीनशेंहून अधिक फारसी नियतकालिकांची सूची प्रसिद्ध केली. तींत परदेशांत निघणारीं पत्रेंही आहेत. कलकत्त्याहून निघणारें 'हब्लुल मतीन' इराणांत मोठ्या आस्थेनें वाचलें जाई. त्याची फाइल त्या काळीं जपून ठेवावी असें आपल्यापैकीं किती जणांस वाटलें असतें? १९४२ च्या भूमिगत चळवळींतील चक्रमुद्रित पत्रकें आपल्या घरांत अशाच उपेक्षेनें वाळवीच्या तोंडीं गेलीं आहेत. तीनशें वर्षांपूर्वींची सनद आपण रेशमी रुमालांत बांधतों आणि आजोबांच्या हातचें पत्रक रद्दींत घालतों. मग उद्यां त्या काळाचा इतिहास लिहिणाऱ्यास परक्यांचीं निळीं पुस्तकेंच उरतील, आणि ग्रँट डफशीं आपण घातलेला वाद पुढील पिढीस पुन्हा पहिल्यापासून घालावा लागेल.

ब्राउन यांचा ग्रंथ वाचावा, कारण मित्राच्या हातून इतका साधार इतिहास क्वचित् लिहिला जातो. पण कसरवींच्या शेजारीं ठेवून वाचावा. मित्राची साक्षही साक्षच. तीसही उलटतपासणी हवी. ब्राउन स्वतः जन्मभर पाठभेद ताडून पाहत आले. आपल्या ग्रंथाची अशी तपासणी त्यांस अप्रिय झाली नसती.