चहा, पण चहा नव्हे

एखाद्या पेयाला चहा म्हणायचं की नाही, या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत. एक सरकारी आणि दुसरं आमच्या मोहन्याचं. सरकारी उत्तर सरळ आहे. आपल्या २०११ च्या अन्नमानकांच्या नियमांप्रमाणे 'कॅमेलिया सायनेन्सिस' नावाच्या झाडापासून केलेला तोच चहा. बाकीचे सगळे बिनखात्याचे मंत्री. मोहन्याचं उत्तर याहून सरळ. जो पुढे ठेवल्यावर दारात उभा असलेला माणूस आत येऊन बसतो, तो चहा.

हे सांगायचं कारण म्हणजे हल्ली घराघरांत दिसू लागलेलं एक देखणं पाकीट. त्यावर सफरचंद, संत्रं, दालचिनीची कांडी आणि एक लालभडक फूल, अशी मांडणी असते की सत्यनारायणाच्या पूजेची आठवण व्हावी. नाव, 'मसालेदार फळांचा हर्बल चहा'. नावात मसाला आहे, तो आत आहे. फळं आहेत, तीही आहेत. फक्त चहा तेवढा नाही! आमच्याकडे हे पाकीट नेहमीच्या मार्गाने आलं. म्हणजे डॉक्टरांनी साखरेचा चहा बंद केला आणि भाच्याने दुसऱ्याच दिवशी हे आणून दिलं.

आता चवीबद्दल. वास पहिल्या प्रतीचा. लवंग आणि दालचिनी कपातून वर येतात, तेव्हा शेजारच्या घरात मसालेभात शिजत असावा असं वाटतं. रंग तर असा, की पांढरा सदरा घालून प्यायची हिंमत होऊ नये. पण पहिला घोट घेतला की कळतं, हे फोडणी द्यायला विसरलेलं आमसुलाचं सार आहे! ही आंबट दांडगाई त्या लाल फुलाची. खरं म्हणजे ते फूलही नव्हे. जास्वंदीच्या कुळातल्या लाल अंबाडीचं ते बोंड. पाकळ्या गळून गेल्यावर फळाभोवती जे मांसल लाल आवरण उरतं, ते वाळवतात. इजिप्तमध्ये त्याचंच 'कर्कदे' करून पितात आणि आपल्याकडे त्याची चटणी होते. संत्र्याची साल मागून किंचित कडू बोलते. सफरचंद मात्र मधल्या भावासारखं. घरात आहे, पण कुणाच्या लक्षात येत नाही.

चहाची तुरट पकड यात नाही आणि तरतरीही नाही. रात्री दहाला घेतला तरी झोप उडत नाही, ही जमेची बाजू. एक सूचना मात्र करून ठेवतो. यात दूध घालू नये. आमच्या शेजारच्या काकांनी सवयीने घातलं. आंबटपणाने दुधाचं जे व्हायचं ते क्षणात झालं. काकू आतून म्हणाल्या, "अहो, चहा करताय की पनीर?"

माझी खरी तक्रार चवीबद्दल नाही, करण्याच्या रीतीबद्दल आहे. पाकिटावर लिहिलंय, 'पिशवी गरम पाण्यात तीन मिनिटं बुडवा.' आता दालचिनी ही झाडाची साल. तीन मिनिटांत ती फक्त ओली होते. तिला आणि लवंगेला उकळी हवी. उलट अंबाडीच्या बोंडाला उकळी नकोच. ते फार वेळ उकळलं की दात आंबतात. असे दोन स्वभाव एकाच पिशवीत कोंबले की जे व्हायचं तेच होतं.

म्हणून पिशवीला रजा देऊन भांडं घ्यावं. चार कप पाणी, बोटभर दालचिनी, चार लवंगा, दोन ठेचलेले वेलदोडे. झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं. झाकण नसलं तर वास घरभर आणि कपात नुसतं पाणी. मग गॅस बंद करून दोन चमचे सुकी बोंडं, सफरचंदाच्या चार फोडी आणि संत्र्याची थोडी साल टाकावी. पाच मिनिटं झाकून गाळावं. बोंडं न मिळाली तर दोन आमसुलं चालतात. ज्यांना गूळ चालतो त्यांनी घालावा. ज्यांना चालत नाही त्यांनी दुसऱ्याच्या कपाकडे बघू नये.

चहा चाखण्याचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. ते १९८० साली आलं. शंभर मिलिलिटर पाण्याला दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटं. त्याच्याच ब्रिटिश भावंडाला १९९९ मध्ये साहित्याचं 'इग नोबेल' हे थट्टेचं पारितोषिक मिळालं. त्या मानकात भांड्याचं माप आहे, पाण्याचं आहे, वेळेचं आहे. शेजारी कोण बसलंय, याचं माप नाही.

आणि मोहन्यात तेच महत्त्वाचं. एन. आर. सी. कंपनी चालू होती तेव्हा पाळीवरून सुटलेली माणसं एका चहाचे दोन करून पीत. २००९ साली कंपनी बंद पडली. माणसं निवृत्तीच्या वयाला आली, बऱ्याच जणांच्या खिशात साखरेच्या गोळ्या आल्या. चहा विचारला की म्हणतात, "नको, मला चालत नाही." पुढच्या वेळी ते दारातूनच बोलतात. त्याच्या पुढच्या वेळी फोनवर. अशी माणसं हळूहळू येईनाशी होतात आणि त्याचा दोष मात्र गुडघ्यांवर जातो.

पिशवीचा दोष नेमका इथे आहे. एक पिशवी, एक कप, एक माणूस. तिचं कटिंग होत नाही. भांड्यातलं तसं नाही. चार कपांत पाचवा माणूस सहज बसतो.

तेव्हा या पेयाला माझे गुण असे: वासाला दहापैकी नऊ, रंगाला आठ, चवीला सहा, पिशवीला शून्य. नाव सरकारने खुशाल 'काढा' ठेवावं. दारात उभ्या राहिलेल्या मित्राला मात्र मी "चहा टाकलाय, बसा" असंच म्हणणार. आणि कप पुढे करण्यापूर्वी दुधाचं भांडं उचलून आत ठेवणार.