आरोपीचा पिंजरा, साक्षीदाराचा पिंजरा

नागपूरच्या कस्तुरबानगरातील स्त्रियांवर वर्षानुवर्षे अत्याचार करणारा गुंड अक्कू यादव १३ ऑगस्ट २००४ रोजी सुनावणीसाठी आणलेला असताना जिल्हा न्यायालयातच मारला गेला. मिरचीची पूड आणि सुऱ्या घेऊन वस्तीतल्या बायका आत शिरल्या, अशी बातमी तेव्हा देशभर छापून आली. अठरा वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, या घटनेवर ‘इंडियन प्रिडेटर : मर्डर इन अ कोर्टरूम’ ही तीन भागांची माहितीपट-मालिका आली. दिग्दर्शक होते ‘वळू’, ‘विहीर’, ‘देऊळ’ करणारे उमेश विनायक कुलकर्णी.

मी ती भिवंडीत, शेजारच्या एका बाईंसोबत पाहिली. त्यांचे आयुष्य यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरण्यात गेले. तिसरा भाग संपल्यावर त्यांनी विचारले, “तो मेला ते कळलं. पण बायांनी केलेल्या तक्रारींचं पुढं काय झालं?”

मालिकेच्या समीक्षेला याहून नेमका प्रश्न मला सापडलेला नाही.

कायद्याचे उत्तर कोरडे आहे. आरोपी मेला की त्याच्यावरचा खटला संपतो. त्या दिवसानंतर कस्तुरबानगरातील बलात्कारांबद्दल कोणतेही न्यायालय त्याला दोषी ठरवू शकत नव्हते. खटला चालला तो त्याच्या खुनाचा. वस्तीतल्या बायका ‘आम्हां सगळ्यांना अटक करा’ म्हणत पुढे आल्या होत्या. २०१४ मध्ये पुराव्याअभावी आरोपी सुटले. म्हणजे ज्यांनी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून आपल्यावरचा अन्याय सांगायचा, त्यांच्यातल्या काहींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागले. त्यांची सुटका झाली. त्यांच्यावर अन्याय झाला होता, असे मात्र कोणत्याही निकालपत्राने म्हटले नाही.

कुलकर्णींच्या मालिकेचे मोल येथे आहे. न्यायालयाने न दिलेला साक्षीदाराचा पिंजरा कॅमेऱ्याने या स्त्रियांना दिला. त्या स्वतःच्या बोलीत, स्वतःच्या क्रमाने बोलतात. वस्ती प्रामुख्याने दलितांची आहे आणि पोलिसांनी कानाडोळा करण्याशी याचा संबंध आहे, हेही मालिका झाकून ठेवत नाही.

तरीही साक्ष घेणारा कोणता प्रश्न विचारतो, यावर साक्षीचे वजन ठरते. या मालिकेचे आधीचे दोन हप्ते एकेका खुन्यावर होते. तोच साचा येथे आला. शीर्षकात शिकारी आहे आणि खून आहे, बायका नाहीत. नाट्यरूपात उभी केलेली रक्ताची दृश्ये आहेत. त्यामुळे ‘त्याला कसे मारले’ हे ‘त्याला इतकी वर्षे कोणी मोकळे ठेवले’ यापेक्षा मोठे होते. न्यायालयाच्या दप्तरात जो क्रम होता, तोच पडद्यावर आला : आधी त्याचा खून, मग बायकांचे दुःख.

दुसरा क्रम शक्य आहे, हे निशा पाहुजा यांच्या ‘टू किल अ टायगर’ (२०२२) या माहितीपटात दिसते. झारखंडमधल्या तेरा वर्षांच्या मुलीवर तिघांनी बलात्कार केला. आरोपींपैकी एकाशी तिचे लग्न लावून प्रकरण मिटवावे, असा गावाचा आग्रह. शेतकरी बाप मुलीच्या पाठीशी उभा राहतो. चित्रपटाचा वेळ वकील, तारखा, गावाचा दबाव आणि बापाची घालमेल यांत जातो. तिघांना पंचवीस वर्षांची शिक्षा होते, पण लक्षात राहते ती तिथवरची पायपीट.

त्याची किंमतही आहे. मुलीचा चेहरा पडद्यावर दिसतो. सज्ञान झाल्यावर तिने संमती दिली, असे निर्माते सांगतात. तरी घटनेच्या वेळी ती अल्पवयीन होती, म्हणून २०२४ मध्ये हा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. सज्ञान स्त्रीने स्वतःचा चेहरा दाखवायचे ठरवले तर तिला अडवणारे आपण कोण, हे मला मान्य आहे. पण संमती उद्या बदलू शकते, दाखवलेला चेहरा परत घेता येत नाही.

ओळख झाकण्याच्या या कायद्याचे मूळ महाराष्ट्रातच आहे. मार्च १९७२ मध्ये देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना सोडले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, लोतिका सरकार, रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना जाहीर पत्र लिहिले, देशभर आंदोलन झाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. पीडितेचे नाव छापणे तेव्हापासून गुन्हा ठरले. खटला मात्र आजही त्या मुलीच्याच नावाने ओळखला जातो. म्हणून येथे मी ते लिहिलेले नाही.

कस्तुरबानगरावर आणखी एक माहितीपट व्हायला हवा. त्याची सुरुवात पोलीस ठाण्याच्या दारातून व्हावी : तक्रार घेऊन कोण आली, कोणी लिहून घेतली, कोणी परत पाठवली. खून अखेरच्या पाच मिनिटांत आला तरी चालेल. शेजारच्या बाईंना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर त्या चित्रपटात मिळेल.