तरुणींची देहप्रतिमा आणि मोबाईल ॲप : एक चिकित्सा

प्रस्तावना :
स्वतःच्या शरीराविषयी व्यक्तीच्या मनात असणारे चित्र आणि त्याविषयीचे विचार व भावना यांना मानसशास्त्रात 'देहप्रतिमा' म्हटले जाते. लिऑन फेस्टिंजर यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या सामाजिक तुलनेच्या सिद्धांतानुसार मनुष्य इतरांशी तुलना करून स्वतःचे मूल्यमापन करतो. स्मार्टफोनमुळे ही तुलना दिवसभर चालू राहते. मग त्याच फोनवरील ॲपच्या साहाय्याने तरुणींची देहप्रतिमा सुधारता येईल काय? या उपायाचे बळ व मर्यादा येथे तपासल्या आहेत.

ॲपचे बळ :
अमेरिकेतील 'बॉडीमोजो' या ॲपची चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा आठवडे मिळणाऱ्या छोट्या संदेशांतून स्वतःकडे करुणेने पाहण्याची सवय लावणे, हे त्याचे सूत्र होते. इटलीतील विद्यार्थिनींवरील २०२२ च्या अभ्यासात पद्धत निराळी होती. पडद्यावर एकेक विधान येते. घातक विधान बोटाने दूर सारायचे आणि हितकारक विधान स्वतःकडे ओढायचे. रोज अवघी काही मिनिटे केलेल्या या सरावाने देहविषयक असमाधानाचे काही प्रकार कमी झाल्याचे आढळले. खर्च कमी, गुप्तता पूर्ण आणि समुपदेशकाकडे जाण्याचा संकोच नाही, हे या उपायाचे गुण मान्य करावे लागतात. जेथे महाविद्यालयात समुपदेशकच नाही, तेथे ते अधिक मोलाचे ठरतात.

मर्यादा :
तथापि, या उपायामागील गृहीतक तपासणे आवश्यक आहे. दोष मुलीच्या विचारात आहे, तो दुरुस्त केला की प्रश्न सुटतो, असे ॲप मानते. भारतीय संदर्भात हे अपुरे आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ पासून बाजारात होते. त्याच्या नावातील 'फेअर' २०२० मध्ये गळले. त्याच वर्षी एका मोठ्या विवाहविषयक संकेतस्थळाने त्वचेच्या वर्णानुसार शोध घेण्याची सोय काढून टाकली. मात्र लग्नासाठी तयार होणाऱ्या परिचयपत्रात 'वर्ण' हा रकाना आजही दिसतो आणि त्यात 'गोरा', 'गव्हाळ', 'निमगोरा' असे शब्द काळजीपूर्वक निवडून भरले जातात. 'सावळी असली तरी नाकीडोळी नीटस आहे' या वाक्यातील 'तरी' हा शब्द मुलीच्या कल्पनेतून आलेला नसतो. तो तिने घरातच ऐकलेला असतो. पडद्यावरील विधान बोटाने दूर सारता येते; पाहण्याच्या कार्यक्रमात उच्चारलेले विधान तसे सारता येत नाही. अशा वेळी तिची भीती हा विचारदोष नसून अनुभवाचे अचूक वाचन असते. तेथे विचार बदलण्याचा सल्ला देणे म्हणजे अन्यायाची जबाबदारी अन्याय सोसणाऱ्या मुलीवरच टाकणे होय.

निष्कर्ष :
याचा अर्थ ॲप निरुपयोगी आहे असा नाही. व्यथित मुलीला आज आधार हवा असतो. समाज बदलेपर्यंत तिला थांबवणे क्रूरपणाचे ठरेल. परंतु ॲप हे मलम आहे, जखमेचे कारण दूर करण्याचे साधन नव्हे. महाविद्यालयांनी ॲपची शिफारस जरूर करावी. त्याबरोबरच जाहिरात, विवाहाचे परिचयपत्र आणि छायाचित्र सुंदर करणारे फिल्टर यांचे चिकित्सक वाचन वर्गात घ्यावे. या वर्गात मुलगेही असले पाहिजेत, कारण 'वर्ण' हा रकाना वाचणाऱ्यांत उद्या तेही असणार आहेत.