फुलातला देव, पाण्यातले घर

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना (१८६१–१९१९) मराठी समीक्षेने ‘फुलामुलांचे कवी’ ठरवले आणि एक अवघड प्रश्न बाजूला सारला. सृष्टीचे सौंदर्य म्हणजे निर्मात्याचे प्रतिबिंब, ही ख्रिस्ती धारणा. बारामतीला वर्गात टिळकांची कविता शिकवताना ती मीही सांगतो. पण माझी जीभ अडखळते.

माझे गाव इंदापूर तालुक्यातले. उजनीच्या फुगवट्यावर रोहित पक्षी उतरतात, तेव्हा पाहणाऱ्याला देव आठवावा असे दृश्य असते. त्याच पाण्याखाली पळसदेवचे जुने देऊळ जाते, आणि माझ्या आजोबांचे घरही गेले. नावावर जमीन नव्हती, म्हणून बदली जमीनही मिळाली नाही. त्यांनी त्या पाण्यात कोणाचे प्रतिबिंब पाहावे?

याचे उत्तर बायबलातच आहे. यशयाच्या ५३ व्या अध्यायातला दुःखभोगी सेवक रूपहीन आहे. लोक त्याच्यापासून तोंड फिरवतात. त्याच्यातच ख्रिस्ती परंपरा ख्रिस्त पाहते. म्हणजे सौंदर्याची दुसरी कसोटी तिच्याजवळ होती. आपल्या समीक्षेने मात्र फूलच उचलले.

टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले आणि नगरला राहिले. तिथल्या मंडळ्यांत महार-मांग मोठ्या संख्येने होते. लक्ष्मीबाईंच्या मनातला विटाळ कसा गेला, ते ‘स्मृतिचित्रे’ सांगते. मला त्या घरातले खरे सौंदर्य तिथे दिसते. फुलात देव पाहायला धैर्य लागत नाही. ज्याच्या हातचे पाणी नाकारले, त्याच्या चेहऱ्यात पाहायला लागते. टिळकांची कविता यापुढे याच कसोटीवर वाचली पाहिजे.