‘फॅन्टास्टिक व्हॉयेज’: पाणबुडी बाहेर कशी आली?

रिचर्ड फ्लायशर यांचा १९६६ सालचा ‘फॅन्टास्टिक व्हॉयेज’ हा चित्रपट अनेक शिक्षक शरीररचना शिकवताना आवर्जून सुचवतात. रोग्याच्या मेंदूतील गुठळी नष्ट करण्यासाठी ‘प्रोटियस’ ही पाणबुडी माणसांसकट सूक्ष्म करून रक्तवाहिनीत सोडतात. दृश्ये देखणी आहेत. पण शरीरात इंजिनाने हवे तसे फिरता येते, हे चित्रपट फारच सहज गृहीत धरतो.

शरीरात खरोखर जाणाऱ्या यंत्राशी तुलना करून पाहू. गिळण्याच्या कॅमेरा-कुपीला अमेरिकेत २००१ साली परवानगी मिळाली. ती ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब होती. तिच्यात इंजिन नव्हतेच. सुमारे आठ तास पुरणारी बॅटरी दिवे, कॅमेरा आणि प्रक्षेपक यांनाच लागे. लहान आतडे अरुंद असल्यामुळे त्याच्या आकुंचनाच्या लाटाच कुपीला पुढे ढकलतात. जठर मात्र ऐसपैस पिशवीसारखे. तिथे कुपी नुसती लोळते. म्हणून कुपीत चुंबक ठेवून बाहेरच्या चुंबकाने तिला वळवण्याची पद्धत आली. अडचण अशी, की दोन लहान चुंबकांमधले अंतर दुप्पट केले, तर ओढ सुमारे सोळाव्या हिश्श्यावर येते. इटलीत पिसा येथील संशोधकांनी पायांची कुपी बनवली. पाय आतड्याची भिंत रेटून पुढे सरकतात. पण मोटरला जागा हवी आणि वीजही.

चित्रपटाची मोठी चूक शेवटी आहे. पांढरी पेशी पाणबुडीला गिळते, प्रवासी अश्रूंवाटे बाहेर पडतात आणि पाणबुडीचे अवशेष आतच राहतात. ते मूळ आकाराचे झाल्यावर रोग्याचे काय होणार? पटकथेवरून कादंबरी लिहिताना आयझॅक आसिमॉव्ह यांना हे खटकले. त्यांनी अवशेष पेशीसकट बाहेर आणले. हा प्रश्न केवळ कल्पनेतला नाही. आतडे कुठे आक्रसलेले असेल, तर कुपी तिथे अडकते आणि काही वेळा शस्त्रक्रिया करून काढावी लागते.

चित्रपट जरूर दाखवावा. मात्र नंतर विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत: ऊर्जा कुठून येते, यंत्र कशाला रेटून पुढे जाते आणि ते बाहेर कसे येते? चित्रपट पहिल्या दोन प्रश्नांना बगल देतो. तिसरा तर विसरूनच जातो. रोग्याच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.