'लो बॉनेट'चा मोह : जुन्या जीपचे पूर्वरूप आणि इतिहासाचे प्रामाण्य

प्रास्ताविक

वास्तू, शिल्प आणि चित्र यांच्या जीर्णोद्धाराविषयी मराठीत बरेच लेखन झाले आहे. यंत्राच्या जीर्णोद्धाराविषयी मात्र ते जवळजवळ झालेले नाही. मोटारगाडी ही उपयोगाची वस्तू. ती जुनी झाली की भंगारात जाते किंवा हौशी माणसाच्या अंगणात येते, आणि अंगणात आलेल्या गाडीचे काय करावे हा सर्वस्वी मालकाचा प्रश्न मानला जातो. या समजुतीत तथ्य आहे, पण ते पूर्ण नाही. एखादी जुनी गाडी 'नवी' करण्याऐवजी ती आहे त्याहून अधिक जुनी दिसावी असे काम जेव्हा तिच्यावर केले जाते, तेव्हा त्या कामाकडे समीक्षेच्या दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात महिंद्र जीपच्या अशा रूपांतराचा विचार केला आहे.

या प्रकाराचे मूळ उदाहरण अमेरिकेतील आहे. १९६४ च्या पाँटिअॅक जीटीओपासून तेथे मोठ्या इंजिनाच्या, तुलनेने स्वस्त व वेगवान गाड्यांची जी पिढी आली तिला 'मसल कार' म्हणतात. डॉज चॅलेंजर ही त्यांपैकी एक. १९७० ते १९७४ या पाच वर्षांत तिचे रूप दोन-तीनदा बदलले. १९७२ मध्ये पुढची जाळी व मागचे दिवे बदलले, सर्वांत मोठी इंजिने वगळली गेली. १९७३ मध्ये टक्कर सोसण्याविषयीच्या नव्या नियमांमुळे बंपरवर रबरी ठोकळे आले. आज १९७३ ची चॅलेंजर असलेले अनेक जण तिला १९७० ची जाळी, दिवे व बंपर लावून घेतात. वरवर पाहता हा केवळ आवडीचा भाग वाटतो. परंतु नंतरच्या गाडीचे जे रूप काढून टाकले जाते ते प्रदूषणाचे आणि सुरक्षिततेचे कायदे यांनी घडवलेले असते. त्या काळाची जी खूण गाडीवर उमटलेली होती तीच पुसली जाते.

उंच बॉनेटचे कारण

भारतात या प्रकाराच्या सर्वांत जवळचे उदाहरण जीपचे आहे. विलीज एमबी ही जीप १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकी सैन्यासाठी बनली. फोर्डने बांधलेल्या तिच्या जुळ्या नमुन्यासह तिची संख्या सहा लाखांहून अधिक भरते. युद्धानंतर नागरी वापरासाठी सीजे-२ए आणि मग सीजे-३ए हे नमुने आले. या सर्वांचे बॉनेट बसके होते, कारण त्याखालचे 'गो डेव्हिल' इंजिनही बसके होते. त्याचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला बसवलेले होते. १९५३ च्या सीजे-३बी नमुन्यात 'हरिकेन' हे इंजिन आले. त्यात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यात गेले. शक्ती वाढली, पण इंजिनाची उंचीही वाढली. इंजिन मावेना, म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. या रूपाला कुरूप म्हणणारे तेव्हाही होते. परंतु ज्याला आज 'हाय बॉनेट' म्हणतात ते कोणा रेखाटनकाराच्या लहरीतून आलेले नाही, हे विसरता येत नाही.

अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ साली थांबले. भारतात महिंद्र अँड महिंद्रने विलीजच्या परवान्याखाली हाच नमुना घेतला आणि तेथे तो बंद झाल्यानंतरही येथे पुढे कितीतरी वर्षे तो व त्याचे वंशज निघत राहिले. त्यात डिझेल इंजिने आली, लांब व्हीलबेसचे नमुने आले, प्यूजोच्या रचनेचे इंजिन असलेली एमएम-५४० आली. म्हणजे उंच बॉनेटची जीप जन्माने अमेरिकी असली तरी तिचे आयुष्य भारतीय आहे. अनेक जुन्या भारतीय जीपच्या मागच्या पत्र्यावर 'लेफ्ट हँड ड्राइव्ह' अशी मोठी अक्षरे रंगवलेली असत.  डावीकडे चाक असलेली गाडी उजवीकडच्या चाकाच्या देशात धावते आहे, ही सूचना मागून येणाऱ्याला द्यावी लागे.

'लो बॉनेट' करून घेणे म्हणजे अशा गाडीचे बॉनेट, पुढची जाळी, मडगार्ड आणि काचेखालचा काऊल काढून त्या जागी सीजे-३ए किंवा थेट युद्धकाळातील एमबीसारखे भाग बसवणे. सात फटींच्या नागरी जाळीच्या जागी नऊ फटींची लष्करी जाळी येते. मागचे उघडणारे फळकूट बंद होऊन तेथे सुटे चाक आणि पेट्रोलचा डबा लटकतो. गाडी लांब व्हीलबेसची असेल तर एमबीच्या ८० इंचांवर आणण्यासाठी चासी कापून जोडली जाते. उंच इंजिनावर बसके झाकण बसत नाही. तेव्हा एक तर इंजिन बदलावे लागते, नाही तर त्याची बैठक खाली घ्यावी लागते. शेवटी ऑलिव्ह हिरवा रंग आणि बॉनेटवर पांढरा तारा. डेंटिंग-पेंटिंगच्या कारागिराचे कौशल्य येथे पणाला लागते, यात शंका नाही. सपाट पत्र्यातून एमबीच्या मडगार्डची कड हाताने वळवणे हे सोपे काम नव्हे, आणि चांगले वळवलेले मडगार्ड पाहणाऱ्याला आनंदच देते.

पंचायत समितीची जीप

प्रश्न कारागिरीचा नाही. प्रश्न असा की, यवतमाळसारख्या जिल्ह्यात उंच बॉनेटची जीप कोणता इतिहास अंगावर घेऊन उभी आहे आणि पांढऱ्या ताऱ्याच्या जीपने तो झाकला जातो काय.

समुदाय विकास कार्यक्रम २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झाला. विकासगटाच्या मान्य सामग्रीत जीप होती. पुढे महाराष्ट्रात लोकशाही विकेंद्रीकरणाचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष वसंतराव नाईक होते. पुसद तालुक्यातील गहुली हे त्यांचे जन्मगाव. त्या समितीच्या शिफारशींवर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम उभा राहिला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या. गटविकास अधिकारी हे पद आणि त्याची जीप या दोन गोष्टी खेड्याच्या अनुभवात तेव्हापासून इतक्या एकरूप झाल्या की, जीपचा आवाज आला म्हणजे सरकार आले असे समजले जाई. १९६३ ते १९७५ या नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात संकरित बियाणे, खते, कुटुंब नियोजन आणि १९७२ चा दुष्काळ या सर्वांची ये-जा याच गाडीने झाली. काळ्या कपाशीच्या जमिनीत पावसाळ्यात बैलगाडीही रुतते. वणी, मारेगाव, झरी-जामणी, केळापूर या भागांतील कोलाम पोडांपर्यंत चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीशिवाय पोहोचणे कठीण होते. निवडणुकीत त्याच जीपवर कर्णे बांधले गेले. काही वर्षांनी सरकारी लिलावात ती विकली गेली, शेतकऱ्याने किंवा ठेकेदाराने घेतली, तिच्यावर ताडपत्री चढली, मागे दोन बाक बसले. ग्रामीण कथेतील आणि चित्रपटातील जीप बहुधा याच जातीची आहे. तिच्यात बसणारा माणूस कधी विकास घेऊन येतो, कधी दडपण.

अशा गाडीला एमबीचे रूप दिले म्हणजे काय होते? यवतमाळच्या रस्त्यांवर तीस-चाळीस वर्षे झिजलेली वस्तू नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची आठवण सांगू लागते. ती आठवण खरी आहे, पण या गाडीची नाही. मालकाला सांगण्यासारखी गोष्ट हवी असते. युद्धाची गोष्ट चित्रपटांनी तयार करून ठेवलेली असते, पंचायत समितीची गोष्ट कोणी सांगितलेलीच नसते. त्यामुळे मोहाचा दोष एकट्या मालकावर टाकणे अन्यायाचे होईल. स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांनी या गाडीकडे पाहिले नाही, हे त्याचे अर्धे कारण होय.

जीर्णोद्धाराच्या सिद्धान्ताकडे वळल्यास या निर्णयाला आधार मिळतो. १९६४ च्या व्हेनिस सनदेने वास्तूवर निरनिराळ्या काळांत झालेल्या योग्य भरीचा आदर करावा असे सांगितले. शैलीची एकसंधता हे जीर्णोद्धाराचे ध्येय तिने मानले नाही. चेझारे ब्रान्दी यांनी १९६३ च्या आपल्या ग्रंथात ऐतिहासिक बनावट करणारा जीर्णोद्धार स्पष्टपणे नाकारला. ऐतिहासिक वाहनांसाठी झालेल्या तुरिन सनदेत हीच भूमिका वाहनांना लागू केली आहे. नित्य वापरात झालेले फेरफार हे वाहनाच्या इतिहासाचे साक्षीदार असून ते उलटवून वाहन पुन्हा कारखान्यातून निघाल्यासारखे करण्याची गरज नाही, असे ती मानते. येथे तर कारखान्यातून निघाल्यासारखे करण्याचाही प्रश्न नाही. ही जीप एमबी म्हणून कधी निघालीच नव्हती.

शकुंतलेचा दाखला

यवतमाळकरांना हाच प्रश्न रेल्वेच्या रूपाने परिचित आहे. मूर्तिजापूर-यवतमाळ या अरुंद मार्गावरील 'शकुंतला' १९२१ साली मँचेस्टरमध्ये बांधलेल्या वाफेच्या इंजिनावर १९९४ पर्यंत चालली. मग डिझेल इंजिन आले, आणि पुढे गाडीच थांबली. आता तिच्या 'वारसा' रूपाची चर्चा होते तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांपुढे धूर सोडणारे इंजिन असते. गुजरातमध्ये एकतानगर-अहमदाबाद मार्गावर ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी सुरू झालेल्या वारसा गाडीचे इंजिन विजेवर चालते, दिसते मात्र वाफेच्या इंजिनासारखे. पर्यटनाच्या दृष्टीने ही कल्पना आकर्षक आहे. शकुंतलेच्या बाबतीत असे काही झाल्यास डिझेलची वर्षे, उशिराने का होईना पण गरिबाला परवडणाऱ्या भाड्यात धावणारी ती गाडी, कोणाच्याही स्मरणात उरणार नाही. तूर्त येथे एवढेच नोंदवणे पुरे.

कायदा आणि आकाराची मालकी

सिद्धान्त बाजूला ठेवला तरी व्यवहार आहेच. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत होईल असा बदल वाहनात करता येणार नाही, असा निर्वाळा दिला. जुलै २०२१ मध्ये 'व्हिंटेज' वाहनांच्या नोंदणीचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेल्या, व्यापारी वापरात नसलेल्या गाडीला 'व्हीए' ही अक्षरे असलेला क्रमांक मिळू शकतो. मात्र ती मूळ रूपात असली पाहिजे, तिच्या चासीत, सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. १९७५ पूर्वी नोंदलेली पंचायत समितीची जीप आज या वयाची आहे. तिचे बॉनेट खाली आणणारा मालक ज्या सन्मानासाठी धडपडतो तोच सन्मान त्या कामाने गमावतो. याची कल्पना गॅरेजमध्ये फारशी कोणी देत नाही.

आकाराच्या मालकीचा वादही उद्बोधक आहे. महिंद्रने अमेरिकेत विक्रीसाठी आणलेली 'रॉक्सर' ही गाडी जीपच्या रूपाची नक्कल आहे, अशी तक्रार फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे केली. जून २०२० मध्ये आयोगाने महिंद्रविरुद्ध निर्णय दिला. गाडीचे रूप बदलल्यावर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नव्या रूपाला हरकत नसल्याचे ठरले, पुढे तो वाद पुन्हा न्यायालयात गेला. सात दशके भारतात घडलेल्या आकारावर भारतीय कारखान्याचा हक्क कितपत, हा त्यातील खरा प्रश्न होता. आपल्याच उंच बॉनेटला हलके मानून ते कापणारा भारतीय हौशी मालक या प्रश्नाचे उत्तर नकळत देऊन बसतो.

मर्यादा

सर्व रूपांतरांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. युद्धसाठ्यातून भारतात राहिलेली खरी एमबी किंवा खरी सीजे-३ए आहे आणि तिच्यावर कोणी नंतर उंच बॉनेट चढवले आहे, अशा गाडीचे बॉनेट खाली आणणे हा शुद्ध जीर्णोद्धार होय. एमएम-५४० च्या गाड्या अजून पुष्कळ आहेत. जिचा पत्रा गंजून खाली पडला आहे तिला नवा सांगाडा करावाच लागतो. तो बसक्या बॉनेटचा केला तर इतिहासाची हानी थोडी आहे, कायद्याची अडचण तेवढी उरते. स्क्रूने लावलेली जाळी पुन्हा काढता येते. कापलेली चासी पुन्हा अखंड होत नाही. म्हणून कठोरपणा राखून ठेवायचा तो सीजे-३बीसाठी, आणि त्यातही जिची सरकारी पूर्वपीठिका कागदाने सिद्ध होते तिच्यासाठी.

ही पूर्वपीठिका शोधणे अवघड नाही. नोंदणी पुस्तकातील पहिल्या मालकाची नोंद, लिलावाची पावती, चासीवर ठोकलेला क्रमांक हे साधन बहुतेक मालकांच्या कपाटात असते. रंगाचे थर जपून खरवडले तर हिरव्याखाली पांढरा आणि पांढऱ्याखाली कार्यालयाचे नाव निघू शकते. टपाच्या पट्टीवर कर्ण्याच्या क्लॅम्पची भोके असतात. जिल्ह्यातील सोळा तालुक्यांत अशा किती जीप उरल्या आहेत याची यादी इतिहास व समाजशास्त्र विभागांतील विद्यार्थी एका शैक्षणिक वर्षात करू शकतात, आणि ती डेंटिंगचे काम सुरू होण्यापूर्वी व्हायला हवी. पत्रा उतरवल्यावर त्याखालची अक्षरे भंगाराच्या वजनात जातात.